एका स्क्रूची किटली

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली पुरतं वाकता येत नाही, तेवढं चालवून घे.) तुझी पाठ कशी आहे? भाऊजींना मलम लागू पडलं, की अजून नळीवरच्या सूचनाच वाचताहेत? आम्ही ठीक. तुझ्या हुकमाप्रमाणे तुझ्या लेकीची, म्हणजे आपल्या खुडबुडीची, समजूत काढायला बसलो होतो. सोमवारपर्यंत तिने कंपनीत माफी लिहून द्यायची आणि साहेब म्हणतील तशी किटली करायची, नाहीतर नोकरी गेली, हे तुला ठाऊकच आहे. पण हे मुळात घडलं कसं, ते ती तुला सांगणार नाही, कारण त्यात माझा हात आहे.

तुझी लेक प्रॉडक्ट डिझायनर, म्हणजे वस्तू कशी दिसावी, कुठे धरावी, कशी उघडावी हे ठरवणारी. मला वाटायचं, ही माणसं बसून चित्रं काढत असतील. छे! ती आठवडाभर माझ्या दुरुस्तीच्या दुकानात स्टुलावर बसून नुसती बघत होती. गिऱ्हाईक किटली कोणत्या हाताने धरतं, झाकण उघडताना दातओठ का खातं, सगळं वहीत. (मी दर दहा मिनिटांनी चष्मा शोधतो, हेही लिहिलं. अगदी भाऊजींच्या वळणावर गेली आहे.) त्यातून तिने अशी विजेची किटली योजली की बुडाला एकच स्क्रू, तो फिरवला की पोट उघडं, कॉइल जळली तर बदला आणि पुढची दहा वर्षं चहा प्या. साहेबांना मात्र कुठेही सांधा नको. अंड्यासारखी गुळगुळीत, गोंदाने कायमची बंद. वस्तू उघडते असं दिसलं की लोक उघडतात, असं त्यांचं तत्त्वज्ञान.

मीटिंगच्या आदल्या दिवशी ती किटली माझ्या टेबलावर ठेवून बाजारात गेली. "मामा, हिच्याकडे लक्ष ठेव," एवढंच म्हणाली. आता बत्तीस वर्षांत माझ्या टेबलावर कुणी धड वस्तू ठेवलेली नाही. मी लगेच उघडली, तर आत कॉइलच नाही! वजनासाठी वाळूची पुरचुंडी आणि कुठेही न जाणारी वायर. म्हटलं, पोरीला कुणीतरी टोपी घातली. (तो नुसता दाखवायचा नमुना आहे, हे मला कोण सांगणार?) माझा जीव कळवळला. एका जुन्या किटलीची कॉइल काढून बसवली, लाल दिवाही जोडला, मीटरवर तपासली आणि तिला चकित करायचं म्हणून गप्प राहिलो. किटलीचं अंग जरा हलकं वाटलं, पण हल्ली सगळंच हलकं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने धार कशी पडते ते दाखवायला पाणी भरलं आणि वायर कुठवर पोचते ते दाखवायला प्लग लावला. मंडळी स्क्रू हवा की नको यावर हमरीतुमरीवर आलेली, तोवर पाणी उकळलं. नमुना कच्च्या प्लास्टिकचा. तोटी हळूहळू मान टाकू लागली आणि साहेबांच्या कागदांवर गरम पाण्याची धार धरली. खुडबुडी घाबरली नाही. प्लग काढला, किटली निवू दिली, स्क्रू फिरवला. आत माझा नेहमीचा निळा चिकटटेप दिसला आणि तिला कर्ता-करविता कळला. तिने माझं नाव घेतलं नाही. उलट म्हणाली, बघा, घोळ दोन मिनिटांत सापडला, गोंद असता तर सापडला असता का? साहेबांनी तो उद्धटपणा धरला.

तर मी समजूत काढायला बसलो. पाण्यात राहून माशाशी वैर, भरल्या ताटावरून उठू नये, होत्या नव्हत्या तेवढ्या म्हणी काढल्या. तिने फळीवरच्या किटल्या दाखवून विचारलं, "मामा, यातल्या किती दुरुस्त केल्यास तू?" ताई, एकही नाही. सगळ्या चिकटवलेल्या, उघडायला जावं तर फुटतात. परवाच एक शिक्षिकाबाई किटली घेऊन आल्या, मी म्हणालो, फेकून द्या. हे दोन शब्द मी रोज म्हणतो आणि दर वेळी मला लाज वाटते. ते मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही, आणि ही पोरगी आठवडाभर बसून वहीत लिहून मोकळी झाली होती. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि अभिमान वाटत असताना रागावणं मला जमेना.

तरीही तू सांगितलेलं काम मी तडीस नेलं आहे. माझ्यादेखत, माझ्याच पेनाने तिने साहेबांना पत्र लिहिलं. काळजी नसावी.

तुझा आज्ञाधारक (बहुतेक वेळा),
धाकटा

ता. क. : पत्राच्या दोन ओळी वाचल्यावर कळलं की ती माफी नसून राजीनामा आहे. मी फक्त तारीख दुरुस्त केली.

आणखी ता. क. : दुकानात पुढे, उजेडाला, तिचं टेबल लावलं आहे. माझं मागे सरकवलं. मागे काही वाईट नाही.

शेवटचं ता. क. : या पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. दाराच्या फटीतून ते तिनेच आत सारलं आहे आणि ती बाहेर जिन्यात बसली आहे. साहेबांपुढे तिचा आवाज कापला नाही, पण तुझ्यापुढे यायला घाबरते. मी पाल्हाळ लावलं, त्यामुळे तिला बसून बराच वेळ झाला असेल. ताई, दार उघड.