मोकळी क्रेन

शुक्रवार, ९ मार्च

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. आई बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात आणि तीही. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहून हातोहात पाठवते आहे. पत्र न वाचता फेकायला तरी हातात घ्यावं लागतं.

मला एक नवीन खूळ लागलं आहे. रोज सकाळी आधी वाऱ्याचा अंदाज बघते, मग चहा. गल्लीतल्या बायका गाद्या वाळत घालण्याआधी मला विचारून जातात, इतकी माझी कीर्ती झाली आहे. त्यांना मी सांगते, नुसता वेग पाहू नका. वेग म्हणजे सरासरी. शेजारी झोत किती ते लिहिलेलं असतं, गादी झोताने उडते. आणि दिशा लिहिलेली असते ती वारा येतो कुठून त्याची. दुपारनंतर ती बदलणार असेल, तर तेही बघा.

हे सगळं ह्यांनी शिकवलं, इतकी वर्षं क्रेन चालवून त्यांना ते पाठ झालं होतं. जेवताना ताटात चमचा फिरवून दाखवायचे. काम संपलं की क्रेनचा ब्रेक सोडायचा आणि तिला मोकळी ठेवायची. मग वारा फिरेल तशी तीही फिरते आणि उभी राहते. ब्रेक लावून बांधून ठेवली, की वारा तिला कुशीवर गाठतो.

अपघाताच्या चौकशीत तू सांगितलंस, ‘आमच्या साइटवर क्रेन मोकळीच ठेवतात, भाऊजी ब्रेक सोडायला विसरले असावेत.’ तू तिथला इंजिनिअर, तुझा शब्द लगेच लिहून घेतला. हे विसरायचे, मी नाही कशाला म्हणू? कोथिंबीर विसरायचे, छत्री तर दर पावसाळ्यात नवी घ्यावी लागायची. पण ब्रेक?

त्या संध्याकाळी गेटवरून त्यांनी मला फोन केला होता. हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही.

म्हणाले, “उशीर होईल गं. तुझ्या भावाने क्रेन बांधून ठेवायला लावली. बूम, म्हणजे तिचा लांब हात, शेजारच्याच्या गच्चीवर जाते म्हणून तो शेजारी रोज भांडायला येतो.”

मी म्हटलं, “मग?”

“मग काय. मी म्हटलं, वेग पंचवीस आहे पण झोत साठचे आहेत, आणि संध्याकाळी वारा पश्चिमेचा उत्तरेचा होणार आहे. तर म्हणतो, भाऊजी, एका रात्रीने काय होतंय. आता फिरलाय बघ वारा. वर जाऊन सोडून येतो.”

मी म्हटलं, जाऊ नका. ते म्हणाले, “खाली माणसं राहतात गं.” एवढंच बोलणं झालं. ते शिडीवर असतानाच क्रेन कोसळली हे तुला ठाऊक आहे, तू खालीच होतास.

गप्प बसले ती तुझ्यासाठी. तुझी नोकरी, तुझा संसार. गेलेला माणूस काही परत येत नाही, असं आईही म्हणाली. पण परवा मुलगी शाळेतून आली, दप्तर न काढता उभी राहिली आणि विचारलं, “बाबांच्या चुकीने क्रेन पडली का?” मला तुझा राग आला. इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता, आणि तुला मी कडेवर घेऊन वाढवलं आहे.

सोमवारी मला चौकशीला बोलावलं आहे, अकरा वाजता. फोनवरचं सगळं मी सांगणार आहे. त्याआधी तू ये आणि तुझ्या तोंडाने सांग. मग मी फक्त मान डोलवेन आणि बाहेर तुझ्याबरोबर बसेन, जे होईल ते होईल. नाही आलास तर तुझं नाव मला घ्यावं लागेल.

सोमवारचा अंदाज पाहिला आहे. वारा मंद आहे, झोत नाहीत, दिशाही दिवसभर तीच. यायला काही अडचण नाही.

तुझ्या नावाआधी ‘चि.’ लिहिताना आज हात थांबला होता. तरी लिहिलं आहे.

ताई