एका घरात एकच विद्यार्थी

१५ जुलै २०२४
आज एम.ए. इंग्रजीच्या प्रथम वर्षास रीतसर प्रवेश घेतला. पतसंस्थेच्या लेखापालपदावरून स्वेच्छानिवृत्ती घेण्यामागील हेतू सफल. इंग्रजी वाङ्मयास एखाद्या वाणिज्य पदवीधराने शिस्त लावणे आवश्यक होतेच.

सूनबाई राजेश्री हिलाही हाच अभ्यासक्रम करावयाचा आहे. तिला समजावले, की चुडाव्याहून परभणीची सकाळची गाडी दोघांनी धरली तर स्वयंपाक कोण करील? सौ. गीताबाईचे गुडघे दुखतात. सबब एका घरात एकच विद्यार्थी, आणि ज्येष्ठतेनुसार तो मी.

गीताबाईने विचारले, "आन् तुमी नापास झालात तर?"

तर पुढील वर्षी माझ्या जागी राजेश्री जाईल, असे उदारपणे मान्य केले. हे कलम वापरात येण्याचा संभव नाही.

२९ जुलै
पहिला तास. मी वर्गात शिरताच मुले उठून उभी राहिली. त्यांचा विरस नको म्हणून बसण्याची परवानगी दिली आणि हजेरी घेतली. निम्मी झाली असता खऱ्या प्राध्यापिका सुकेशनी मॅडम आल्या. वयाने माझ्या कन्येएवढ्या. उरलेली हजेरी त्यांनी घेतली. माझे नाव त्यात होते.

१२ ऑगस्ट
मॅडमनी मूळ नाटक वाचून यावयास सांगितले. अननुभव. मूळ पुस्तक म्हणजे कच्च्या पावत्या, गाईड म्हणजे ताळेबंद. ताळेबंद हाती असता पावत्या कोण चाळतो? खात्रीसाठी दुसरे गाईडही आणले.

९ सप्टेंबर
गंभीर तफावत. पहिल्या गाईडात नायक चौथ्या अंकात मरतो, दुसऱ्यात पाचव्या. महिनाभर ताळमेळ जुळवीत आहे. राजेश्री भाजी निवडता निवडता म्हणाली, "आप्पा, मी वाचलंय ते नाटक. तो मरतच न्हाई."

आधार मागितला. तिने नाटकच आणून दाखवले. दोन गाईडे विरुद्ध एक पुस्तक. बहुमत ग्राह्य धरले. नायक मृत. अंक प्रलंबित.

१७ नोव्हेंबर
पतसंस्थेच्या वार्षिक सभेत सत्कार. शाल, श्रीफळ, बसस्टँडवर फ्लेक्स: 'एम.ए. (इंग्रजी) उत्तीर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. अद्याप परीक्षाच झालेली नाही, ही बाब चेअरमन रंगनाथ यांच्या निदर्शनास आणली. ते म्हणाले, "मालक, सभा वर्षातून एकदाच असती. पास तुमी कवाबी व्हा."

युक्तिवादात तथ्य आढळल्याने शाल स्वीकारली. भाषणात राजेश्रीचा उल्लेख केला, की घरी असे मार्गदर्शन लाभणारी सून विरळा. ती मागे बायकांत बसली होती. टाळ्या वाजवताना दिसली नाही. हातात नातू असावा.

१६ डिसेंबर
पेपर पहिला. प्रश्न पाच. पहिल्याचे उत्तर निर्दोष. समास दोन्ही बाजूंस, मथळ्यांखाली दुहेरी रेघ. दुसरे आरंभिले असता पर्यवेक्षकाने पेपर ओढला. दर्जा जाणणारा परीक्षक असल्यास चिंता नाही.

८ जानेवारी २०२५
तोंडी परीक्षा. कोणते पात्र आवडले, असे मॅडमनी विचारले. आवडण्यास स्वतंत्र गुण आहेत काय, अशी मी पृच्छा केली. मग त्यांनी हळूच विचारले, "काका, नाटक वाचलंय ना?" दोन्ही आवृत्त्यांत वाचले आहे, असे ठणकावून सांगितले. त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. प्रभावित.

२० फेब्रुवारी
निकाल. चारपैकी तीन विषयांत अनुत्तीर्ण. चौथ्यात काठावर. संगणकीय चूक, हे उघड आहे. पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज केला. गीताबाई सुपारी कातरत एवढेच म्हणाली, "कलम."

तूर्त प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याचे तिला कळवले.

११ एप्रिल
पुनर्मूल्यांकनात दोन गुण कमी झाले.

१४ एप्रिल
घरात निवेदन केले, की एका सत्रावरून माणूस तोलू नये. मला आणखी एक वर्ष मिळावे, राजेश्रीचे वय ते काय. गीताबाईने अडकित्ता खाली ठेवला. "पोरगी पास व्हायला तयार हाय अन् तुमी नापास व्हायला रांग लावायलात. तुमचं पास होणं बघत तिनं म्हातारं व्हावं का?"

चिरंजीव जीवन यास पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "आप्पा, तिची फी मी मागंच भरून ठेवतो म्हणलो होतो. तीच म्हणली, आप्पाचा निकाल लागू द्या, त्यांना वाईट वाटंल."

फोन ठेवला. दुपारी अभ्यास झाला नाही. ऊन फार.

७ जुलै
राजेश्रीचा प्रवेश झाला. निर्णय अंतिमतः माझाच. तथापि सकाळच्या गाडीमुळे स्वयंपाकाचा मूलभूत प्रश्न अनिर्णित असल्याचे गीताबाईस दाखवून दिले.

"अनिर्णित कशाचा? तुमी घरीच हाव की," असे म्हणून तिने परात माझ्यापुढे सरकवली.

२१ जुलै
डबा वेळेत. राजेश्रीने झाकण उघडून पाहिले, लगेच लावले, "येते, आप्पा," म्हणून गाडीला गेली. पोळी लाटण्याचे तत्त्व पूर्णतः आत्मसात झाले आहे. आकार येणे बाकी.