गोल स्पीकर परत जाणार नाही

हेमकांत,

दुपारी कुरियरवाला गोल स्पीकर परत न्यायला येईल. त्याला तसाच माघारी पाठव. स्पीकरच्या कडेला पुनमचं रक्त आहे, म्हणून मी तो पिशवीत घालून तिच्यासोबत पोलीस ठाण्यात चालले आहे. तिथून आम्ही चाळीसगावला, तिच्या माहेरी जाऊ. मागे येऊ नकोस. तिचा भाऊ तुझी तंगडी तोडायला टपलाय, आणि मी त्याला आवरणार नाही.

परवा तू मिटिंगसाठी मागवलेले दोन्ही माइकवाले स्पीकर पारखत होतास. पुनमला मिक्सर लावायला सांगितलंस, मला ताटं आपटायला. गोल स्पीकर घरातलं बठ्ठं, मिक्सर-ताटांसकट सगळं, पलीकडे पोचवतो म्हणून नापास. चपटा तुझ्याशिवाय बाकीचे आवाज गाळून टाकतो म्हणून पास. काल मिटिंग चालू असताना चपट्याच्या वायरीत तिचा पाय अडकला, आणि तो नापास स्पीकर उचलून तू तिच्या डोक्यात घातलास. ती किंचाळली. पलीकडे कुणाला काही कळलं नाही. तू "येस सर, येस सर" करत राहिलास.

आणि मी? नेहमीसारखा मिक्सर लावला, शेजारी ऐकतील म्हणून. भांडं रिकामंच होतं. तुझा बाप मला मारायचा, तेव्हा तुझी आजी रेडिओ मोठा करायची.

काल पहिल्यांदाच मी मिक्सर मध्येच बंद केला. तिला सहा टाके पडलेत.

चपटा टेबलावर आहे. खुशाल बोल. आता या घरात गाळायला दुसरा आवाजच नाही.

आई