मागची जागा

हॅचेट तलाव, उत्तर मिनेसोटा
२४ मे

चि. मार्लिस,

अनेक आशीर्वाद. ते आधीच घेऊन ठेव, कारण पुढे भांडण आहे.

तुझं पत्र पोचलं. मी बरा आहे, कुत्रा बरा आहे, आपल्या सौनाचं, त्या वाफेच्या न्हाणीघराचं, धुराडं वाऱ्याने वाकलं होतं ते सरळ केलं. आता मुद्द्यावर येतो. इतकी वर्षं "बाबा, डास फार, बाबा, सुट्टी नाही" म्हणणारी माझी लेक अचानक लिहिते की आपण दोघं वल्ह्यांची कनू घेऊन आत रानातल्या तलावांवर जाऊ, तंबू टाकू, स्मॉलमाउथ बास पकडू. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण पाणी कुठेतरी मुरतंय.

एक तर बास. आपल्या घरात वॉलआय खातात. बासला तुझे आजोबा मासा म्हणायलासुद्धा तयार नव्हते. तू म्हणतेस, तो झुंजतो, मजा येते. बरं, येत असेल. पण तू आखलेला तो मार्ग! दोन तलाव, आणि मध्ये कनू खांद्यावर घेऊन चालायचं ते एवढंसं. शहरातले लोक सपाता घालून ती वाट चालतात. तू लहान असताना आपण याच्या तिप्पट चालायचो आणि तू पाठीवर भांडी वाहत गाणी म्हणायचीस. मग एवढी सोपी वाट कुणासाठी गं?

बेवच्या दुकानात गळ घ्यायला गेलो तर ती म्हणाली, "तुमच्या मुलीने सगळ्यात हलकी कनू राखून ठेवलीय. आणि मदत मागवायचं ते यंत्रही."

म्हटलं, "माझ्याकडे माझी कनू आहे."

"ती जड आहे ना, काका."

काका! गळाला जळू कशी लावायची ते या बाईला मी शिकवलंय.

आणि परवा शेजारचा यालमर बोलता बोलता म्हणाला की तुझा फोन आला होता. यालमरला फोन, बापाला नाही. काय बोललीस असं विचारलं तर भोळा चेहरा करून म्हणतो, "काही नाही, असंच."

मी दूधखुळा नाही. तू माझी परीक्षा घ्यायला येतेयस. म्हातारा कनू उचलतो का, वाट ओळखतो का, शेकोटी न विझवता झोपतो का. नापास झाला की घर विकायचं आणि त्याला मिनियापोलिसला तुझ्या त्या आठव्या मजल्यावर न्यायचं, जिथून नदी दिसते पण हात घालता येत नाही. तर स्पष्ट सांगतो, या तलावावरून मी हलणार नाही.

तारीखही बदल. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बासचा नर घरट्यावर पिल्लं राखत असतो, विसरलीस? तेव्हा तो भुकेला नसतो, संशयी असतो. जवळ काहीही आलं की तुटून पडतो, म्हणून कुणीही सोम्यागोम्या त्याला पकडतो. आणि तो पाण्याबाहेर आहे तेवढ्यात पर्च मासे येऊन पिल्लं फस्त करतात. हे कळल्यावर तू एकदा तुझा बास रडत रडत सोडून दिला होतास. आपण जुलै लागता लागता जाऊ. मागे मी बसेन, नेहमीसारखा. कनू वळवतो तो मागचा. पुढच्याने वल्हं मारायचं आणि खडक दिसला की ओरडायचं. शिवाय कुणाकडे पाठ करून बसायला मला आवडत नाही, हॉटेलातसुद्धा मी भिंतीला टेकूनच बसतो.

आणि हो, मासेमारी सुरू झाली त्या शनिवारी तू फोन केलास तेव्हा मी घरी नव्हतो, तो धुक्यामुळे. कुणी वेगळं काही सांगितलं असेल तर विश्वास ठेवू नकोस.

२६ मे

पत्र अजून टाकलेलं नाही. यालमर सकाळी कॉफीला आला, तेव्हा मी त्याला गाठलंच.

"खरं बोल. तूच सांगितलंस ना मार्लिसला?"

"काय?"

"मी तलावावर वाट चुकलो ते."

त्याचा कप हातातच राहिला. "वाट चुकलास? तू? आपल्या तलावावर?"

"मग तिने तुला फोन कशाला केला होता?" मी ओरडलो.

"गुडघ्यासाठी, येड्या! माझा गुडघा बदललाय ना! ओझं कधीपासून उचलता येतं, चढ झेपतो का, विचारत होती. तिचं ऑपरेशन झालंय फेब्रुवारीत. तुला सांगू नको म्हणाली, नाहीतर तू बर्फातून ट्रक हाकत शहरात पोचला असतास. घे, आता माझ्याकडूनही वदवून घेतलंस!"

घरट्यावरच्या नरासारखा तुटून पडलो आणि गळ माझ्याच तोंडात. यालमरला कळलं म्हणजे बेवला कळलं, आणि बेवला कळलं म्हणजे गावाला. तेव्हा तू माझ्याकडूनच ऐक.

धुकं नव्हतं. लख्ख ऊन होतं. मोटारीच्या होडीतून बेटाला वळसा घालून परत निघालो आणि समोरचा किनारा ओळखूच येईना. झाडं होती, खडक होते, पण कशाचंच नाव आठवेना. आयुष्य इथे गेलं माझं, आणि आपला धक्का कुठल्या बाजूला हे कळेना. मी फार घाबरलो, मार्लिस. मग एक तरुण जोडपं होडीतून जाताना दिसलं. त्यांना म्हटलं, इंजिन बंद पडलंय, हिरव्या छपराच्या सौनापाशी सोडाल का? त्यांनी दोर बांधून मला ओढत आणलं. धक्क्याला लागलो आणि सगळं परत जागच्या जागी. धडधाकट इंजिन मी मेल्यासारखं ओढून आणवलं.

त्यानंतर मी एकटा पाण्यावर गेलेलो नाही. यंदा पत्रात वॉलआयची बढाई का नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

आणि तू! गुडघा कापून घेतलास आणि बापाला पत्ता लागू दिला नाहीस. नको तो संशय घेत बसलो मी, हवा तो घेतलाच नाही. आलो असतो मी, बर्फ असो नाहीतर काही असो. तुला सूप करून घातलं असतं. याचा राग मला अजून आहे, तो कनूत बसल्यावर काढीन.

सोपीच वाट घेऊ. ती हलकी कनू घे, खांद्यावर मी घेईन, खांदे अजून शाबूत आहेत. यंत्रही घे. जळवा मी आणतो.

आणि मागे तू बस. नकाशा तुझ्याकडे ठेव, कनू तू वळव. मी पुढे बसून खडक सांगेन. पुढे बसणाऱ्याला मागचं काही दिसत नाही, मागच्याला मात्र पुढचा माणूस दिवसभर दिसतो. जे दिसेल ते परतताना मला खरं खरं सांग. "हलणार नाही" हे वर लिहिलंय ते मी खोडलेलं नाही, पण तू बोललीस तर ऐकेन.

मागे वळून बघणार नाही म्हणतोय. एखाद्या वेळी बघितलंच, तर तू आहेस ना एवढंच बघत असेन.

पुढच्या जागेवर बसणारा,
तुझा बाबा