चालणारा शंख

माघ शुद्ध तीज, सन १९३७
तापीकाठ, तालुका नंदुरबार

चि. रंजना हिला आजीमायचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही सगळे धडधाकट. गाय व्याली, कालवड झाली. केळीला घड बरे लागलेत. तुझ्या बापाचे बोट सुजले आहे, ते पुढे लिहिते. अक्षर वाकडे दिसले तर हसू नकोस, तूच शिकवलेस.

तुझे मागले पत्र मी तीनदा वाचले. तुमच्या शाळेतल्या बाई तुम्हा पोरींना ओहोटीला खडकांवर नेतात, हे वाचून मला इथे पायाला गार लागले बघ! तो चिखलातला खेकडा, एकच मोठी नांगी हलवून सारखा बोलावतो म्हणतेस, तो आपल्या शेजारच्या गजराबाईच्या वळणाचा दिसतो. चिखलावर उड्या मारणारा मासा! आणि तो काचेसारखा जीव, ना डोके ना हाड, पण हात लावला की आग. अशी माणसे मी पाहिली आहेत. चांदणीसारख्या जीवाचा हात तुटला तर नवा फुटतो, हे मी गजराबाईला सांगितले. ती म्हणाली, "आजी, पोर तुले फसाडी ऱ्हायनी." मी म्हटले, "फसाडू दे, तुन्हं काय जास?"

आता शंखाचे. तू मुंबईहून आपल्या केळीवाल्या चुनीलालबरोबर पाठवलास तो मी आंघोळ करून देव्हाऱ्यात ठेवला, हळदकुंकू वाहिले, खोबऱ्याचा तुकडा ठेवला. सकाळी बघते तर शंख समईपाशी, आणि खोबरे कुरतडलेले. तेवढ्यात तुझा बाप आला आणि त्याच्या डोळ्यांदेखत शंख चार बोटे पुढे सरकला. तो ओरडला, "माय वं! शंख चाली ऱ्हायना!"

तासाभरात ओटा भरला. बायका माझ्या पाया पडू लागल्या. ज्या फुलीबाईने गेल्या साली मला हळदीकुंकवाला बोलावले नव्हते, तीसुद्धा पडली.

तुझ्या बापाने मात्र त्यातून भलतेच काढले. शंखाचे तोंड दाराकडे, म्हणजे देव सांगतो की लेक घरी आणा आणि लगीन लावा. नवरा तर त्याने आधीच हेरलेला. आपल्या बांधाला लागून केळीची बाग आहे ना, त्या बागेचा धनी. वय चाळीस, पहिली बायको वारलेली. दोन बागा एक होतील, मधला बांध मोडता येईल, म्हणून तुला द्यायची! तू मामाकडे राहून शिकतेस ते त्याला पहिल्यापासून सलते. सुपारी फोडायला कालचा दिवस ठरला होता.

हे मी तुला लगेच का कळवले नाही, ते विचारशील. विचार. मीच लिहिते, नाहीतर माझ्या जिवाला बरे वाटणार नाही.

दुसऱ्या पहाटे मी वात लावायला वाकले, तेव्हा शंखातून पाय आले. सुईसारखे, भराभर. दोन डोळे काड्यांवर. मी हात मागे घेतला तसे सगळे आत. मला कळले, रंजना. देव नाही, जीव आहे. आणि मी गप्प बसले. बायका येत होत्या ना. सत्तर वर्षांत माझ्यासाठी कुणी ओटा भरला नव्हता. सुपारीचे बोलणे माझ्यासमोर झाले आणि मी मान हलवली. माझा मलाच इतका राग आला आहे की जेवण गोड लागत नाही.

पण तुझ्या बापावरचा राग त्याहून मोठा. परवा त्याचा कोट धुवायला घेतला तर खिशात तुझे कार्ड. माझ्या नावाचे! त्याला वाटते आईला जोडाक्षरे येत नाहीत. मी चुलीपाशी बसून बोट ठेवून ठेवून वाचले. 'आजीमाय, चूक झाली. मला शंख रिकामा वाटला. बाई म्हणतात, त्यात दुसऱ्याच्या घरात राहणारा खेकडा असणार. मिठाच्या पाण्यात ठेव, नाहीतर मरेल.' म्हणजे घरजावई! पण हसू आले नाही. कार्ड चार दिवस त्याच्या खिशात होते. जीव मरतो आहे हे ठाऊक, देव नाही हे ठाऊक, आणि लोकांपुढे हात जोडून उभा!

काल नवऱ्याकडची माणसे बसली, सुपारी ताटात आली. मी परातीत मिठाचे पाणी घेऊन आले आणि सगळ्यांसमोर शंख त्यात ठेवला. थोडा वेळ काही नाही. मग पाय, मग नांग्या, मग ते काडीवरचे डोळे. गजराबाई किंचाळली. तुझा बाप उचलायला धावला. मी म्हटले, "देव शे ना तो? मंग लाव हात. भ्यास का?" त्याने हात घातला आणि खेकड्याने बोट धरले. "सोड, सोड! मन्हं बोट गयं!" फुलीबाई पदर तोंडात कोंबून हसत होती. मग मी तुझे कार्ड मोठ्याने वाचले, जोडाक्षरांसकट. आणि मलाही दुसऱ्या दिवसापासून ठाऊक होते, हेही बोलले. माणसे उठली. सुपारी फुटली नाही.

आता माझ्या पाया कुणी पडत नाही. ठीक आहे.

हे पत्र टपालाने पाठवत नाही, टपाल तुझा बाप उघडतो. चुनीलाल आज इथून सुरतेमार्गे मुंबईला निघतो आहे, त्याच्याच हाती देते. मडक्यात ओल्या वाळूत खेकडा आहे, थोडा सुस्त झाला आहे. त्याला खडकात सोड.

आता नीट वाच. सकाळी तुझा बाप दारात उभा राहून म्हणाला, "तार करस. माय मराले टेकनी असं लिखस. पोयरी धावत यी. मंग बघू कोन अडावस." तो करील. माझ्या पोटचा आहे, मला ठाऊक.

तर तार आली तरी येऊ नकोस. दुसरी आली तरी नको. मी कधीतरी खरीच मरेन, तीही तार अशीच दिसेल. तेव्हाही येऊ नकोस. त्या दिवशी ओहोटी असेल तर बाईंबरोबर खडकांवर जा.

मी स्वतःच्या हाताने लिहिते आहे, हे बाईंना दाखव.

तुझी आजीमाय
तापीबाई