पहिलं शील

२१ एप्रिल ८५, रविवार
विहारात वंदना. दादा उशिरा आला, गळ्यात स्टेथो तसाच. पंचशील सुरू. पहिल्या शीलाला याचे ओठ बंद, दुसऱ्यापासून आवाज. गेल्या रविवारीही हेच. जीवहत्या करणार नाही, एवढंच म्हणायचं असतं. त्याला म्हणवत नाही.
दिवाळे गावातलं ते पोर. दादाने लेकीच्या, मिनीच्या वाढदिवसाला दवाखाना लवकर बंद केला, आणि नेमके तेव्हाच त्याला उलट्या-जुलाब होताना घेऊन आले. बंद दार बघून ठाण्याच्या हॉस्पिटलला निघाले. वाटेतच गेलं.

२३ एप्रिल
आता दवाखाना बंद होतच नाही. मी कॉलेज सोडलेला कंपाउंडर, पुड्या बांधतो. घरून डबा येतो, तसाच परत जातो. मिनी झोपल्यावर दादा घरी, ती उठायच्या आत बाहेर.
वहिनी म्हणाली, "भावजी, पौर्णिमेपर्यंत बघते. मग मिनीला घेऊन माहेरी महाडला जाते." ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

२६ एप्रिल
बसस्टॉपवर शोभा. तिच्या वडिलांशी बोलतो म्हणून दादाने केव्हाच कबूल केलंय. वेळ कुठाय त्याला.
"बाबा डॉक्टरच्या भावाला मुलगी देतील रे. कंपाउंडरला नाही. आण ना एकदा दादाला."
डोकं फिरलं. काहीतरी बोललो आणि निघालो. दोन स्टॉप चालून गेल्यावर कळलं, तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

२८ एप्रिल
भांडलो. "तू डॉक्टर आहेस, देव नाहीस."
दादा शांतपणे, "आपल्यात देव कुठाय? असता तर त्याच्यावर ढकललं असतं."
खोकल्याच्या औषधाची बाटली आपटली. काचा त्यानेच गोळा केल्या.

१ मे
त्या पोराची आई आली. धाकटीला घेऊन. दादाने पुन्हा पुन्हा तपासलं, डोळे, जीभ, पोट, परत डोळे. पोरगी कंटाळून रडायला लागली.
"डाक्टर, निसता ताप हाय. सोरा तिला आता."
पायरीवरून वळून, "तुमाला बी पोर हाय ना? घरा जा जरा."
रात्री दादाने शटर ओढलं. मग बाहेर उभाच, कुणी येतंय का बघत. मी सायकल धरून. जेवायच्या वेळेला पोचलो नाहीच.

३ मे
वहिनीची ट्रंक दाराशी. दादा ती ओलांडून आत आला. मला म्हणाला, "उद्या विहारातून थेट शोभाकडे जाऊ."
विश्वास नाही. शर्ट इस्त्रीला दिला तरी.

४ मे, बुद्धपौर्णिमा
सगळे पांढऱ्या कपड्यांत. दादा वेळेवर, मिनी मांडीवर. पहिलं शील आलं, हा गप्प. मिनीनं हनुवटी धरून त्याचं तोंड वळवलं. "पप्पा, म्हणा ना." सगळे दुसऱ्यावर गेले, ही दोघं पहिल्यावरच. ती एकेक शब्द सांगतेय. त्याचे ओठ हलले. आवाज आला की नाही, मला ऐकू आलं नाही. तेवढ्यात दारातून हाक, "डाक्टर हायेत का?" दिवाळ्याहून.
दादा उठला. नेहमीसारखा पळाला नाही. मिनीला कडेवर घेतलं, वहिनीकडे बघितलं, आणि गेला.
दुपार झाली. दोघं परत आलेली नाहीत. शोभाकडचं राहिलं. इस्त्रीच्या शर्टात बसून लिहितोय. वहिनीनं खीर झाकून ठेवली. ट्रंक उघडलीय, मिनीला बदलायला फ्रॉक हवा म्हणे. फ्रॉक काढला.
झाकण अजून लावलेलं नाही.