व्हर्लिनची तपासणी

कॉलेज वसतिगृह, नेब्रास्का
२९ नोव्हेंबर १९८७

प्रिय लव्हॉनताईस,
व्हर्लिनचा सा. न. वि. वि.

आमचा संघ नववर्षाच्या मोठ्या फुटबॉल सामन्यात खेळणार, हे पपांनी अख्ख्या गावाला सांगितलं असेलच! पण त्याआधी सगळ्यांची लघवी तपासणार आहेत. तू नर्स, म्हणून तुलाच विचारतो. उन्हाळ्यापासून आमचा व्यायाम घेणारे गटलर कोच मला स्टेरॉइडची इंजेक्शनं देताहेत. माझं पस्तीस पौंड वजन वाढलं ते पपा सांगतात तसं आपल्या गोठ्यातल्या बीफमुळे नव्हे. न घेणाऱ्याची संघातली जागा जाते, मागोमाग शिष्यवृत्ती. महिन्यापूर्वी थांबवलंय. एवढ्यात अंगातून जातं ना? पपांना सांगू नकोस.

तुझी माया आहेच, ती राहू दे.
व्हर्लिन

३ डिसेंबर

चि. व्हर्लिनला अनेक आशीर्वाद.

गाढवा, हे काय करून बसलास! दुसऱ्या कुणाचं म्हणून आमच्या डॉक्टरांना विचारलं. असलं औषध तेलात मिसळून टोचतात, ते कित्येक महिने अंगात राहतं म्हणाले. कितीही पाणी ढोसलंस तरी जायचं नाही. आजारी आहे म्हण आणि घरी ये. पपा सामन्यासाठी नवी टोपी घेऊन आलेत, जेवतानाही काढत नाहीत. त्यांच्याकडे बघवत नाही.

जिवाला जप.
लव्हॉन

२० डिसेंबर

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

आजारी आहे म्हटलं, तर गटलर कोच म्हणाले, आता पळालास तर सगळ्यांनाच संशय येईल, मुकाट्याने बाटली भर. भरली. आम्ही नऊजण घेत होतो, सापडलो मी एकटा. बाकीचे गोळ्यांवर होते, त्या लवकर निघून जातात म्हणे. मला वर्षभर बंदी. मग मुख्य कोचनी कागद पुढे केला: औषध मी स्वतः बाहेरून घेतलं, कुणी दिलं नाही. सही केलीस तर शिष्यवृत्ती राहील, नाहीतर सामान बांध, म्हणाले. मी गटलर कोचकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

सही केली, ताई.

रागावलीस तरी लिहीत जा.
व्हर्लिन

३ जानेवारी १९८८

चि. व्हर्लिनला आशीर्वाद.

पेपरात तुझ्या बंदीची बातमी वाचल्यावर पपांनी टीव्हीवर सामना लावलाच नाही. आज चर्चमध्ये कुणी विचारायच्या आतच म्हणाले, माझा मुलगा लबाड निघाला. मला आता राहवत नाही रे. तू फक्त हो म्हण, मी त्यांना सगळं खरं सांगते.

वाट बघते.
लव्हॉन

१० जानेवारी

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

सांगू नकोस. कळलं की पपा गाडी काढून थेट इथे येतील, कोचची गचांडी धरतील. मग माझी सही खोटी ठरेल आणि शिक्षणही जाईल.

काल गटलर कोचनी बोलावलं. पपांचं पत्र आलं होतं, ते मोठ्याने वाचून दाखवलं. पपांनी त्यांची माफी मागितलीय. तुम्ही माझ्या मुलाला पोटच्या पोरासारखं सांभाळलंत आणि त्याने तुमच्याच तोंडाला काळं फासलं, असं लिहिलंय. कोचनी पत्राची नीट घडी घातली आणि म्हणाले, तुझे वडील फार सज्जन आहेत.

मी हो सर म्हणालो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
व्हर्लिन